दमा म्हणजे नेमका कोणता?

सातारा-सांगलीकडे म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की तो दमाच. चुलीच्या नि पाचटाच्या धुरात फुप्फुसं झिजलेली आजी असो, की लहानपणापासून हवा बदलली की छाती घुरघुरणारे आजोबा, आजाराचं नाव एकच. बोलताना हे चालतं, रक्तदाबाची गोळी ठरवताना नाही. आजीचा आजार बहुधा सीओपीडी, आजोबांचा अस्थमा, आणि बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या दोघांना सारख्या मानवत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल श्वासनळ्या आवळतं, म्हणून अस्थम्यात ते वर्ज्य. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला ते नाकारणं म्हणजे धापेच्या भीतीने हृदय उघड्यावर टाकणं. मात्र हृदयाचं कारणच नसेल तर? अमेरिकेत अशा सीओपीडी रुग्णांना मेटोप्रोलॉल देऊन पाहिलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार उसळणं कमी झालं नाही, उलट त्यापायी दवाखान्यात भरती होणं वाढलं. म्हणून मी आग्रहाने सांगतो, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून आजाराचं नाव फाइलवर लिहून घ्या.

यावर कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात मिळेल ती गोळी घ्यायची, निवड कसली? पण तिथेही निवड असते. रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमासाठी महाराष्ट्रातून सुरुवातीला जे चार जिल्हे घेतले, त्यात सातारा होता. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या सरकारी दवाखान्यातही आता सर्रास मिळणाऱ्या गोळ्या श्वासनळ्यांना त्रास देत नाहीत. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, पण सीओपीडीने हृदयाची उजवी बाजू थकली तरी घोटेच सुजतात, तेव्हा 'गोळीची सूज' असं आपणच ठरवू नये. एनालाप्रिल-रामिप्रिलचा घोळ वेगळा. त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, घरचे म्हणतात दमा वाढला, मग पंप वाढतो, सिरप येतं आणि मूळ गोळी तशीच चालू राहते. ती बदलून घ्यावी. मनाने बंद मात्र करू नये, बीटा ब्लॉकर तर अजिबात नाही. तो एकाएकी थांबवला की रक्तदाब नि छातीतलं दुखणं दोन्ही उसळू शकतात.

खरी गफलत होते ती कुणी 'औषध' म्हणून मोजत नाही अशा गोष्टींत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक रक्तदाब चढवतं, काही अस्थमावाल्यांचा श्वासही कोंडतं. काचबिंदूचा टिमोलॉलचा थेंब हाही बीटा ब्लॉकरच. नाकावाटे रक्तात उतरून तो श्वासनळ्या आवळू शकतो. कात्रीने कापलेल्या पट्टीवर नाव निम्मंच उरतं आणि डोळ्याची बाटली तर देवळीतच राहते. औषधांच्या पिशवीत ती बाटलीही टाका, छातीच्या डॉक्टरांसमोर सगळी पिशवी टेबलावर उलटी करा.