एकदा काढलं, कायमचं टिपलं : लुआच्या टेबलची युक्ती

तोच हिशोब प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा करत बसला तर मशीन कितीही फास्ट असलं तरी कमीच पडतं. फिबोनाची मालिकाच घ्या ना. ० आणि १ पासून सुरुवात, पुढची प्रत्येक संख्या म्हणजे मागच्या दोघींची बेरीज. शून्यापासून क्रमांक मोजले तर ३० व्या क्रमांकाची किंमत ८,३२,०४०. पण साध्या रिकर्सिव्ह फंक्शनने ती काढायला गेलात तर फंक्शन तब्बल २६,९२,५३७ वेळा कॉल होतं!

उपाय सोपा आहे. आलेलं उत्तर टिपून ठेवायचं. लुआ या स्क्रिप्टिंग भाषेत ही सोय टेबलमध्येच करता येते. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. नेटवर्किंगवाल्यांच्या वायरशार्क आणि एनमॅपमध्येही लुआत स्क्रिप्ट लिहिता येतात.

लुआत ॲरे म्हणा, रेकॉर्ड म्हणा, सगळं टेबलच. टेबलमध्ये नसलेली की मागितली तर 'निल' मिळतं. पण टेबलला मेटाटेबल जोडून त्यात 'इंडेक्स' नावाचं (नावाआधी दोन अंडरस्कोअर) फंक्शन ठेवलं, तर की नसेल तेव्हाच लुआ ते फंक्शन कॉल करते आणि त्याला टेबल व की देते. त्या फंक्शनने तीन कामं करायची :

१) किंमत काढणे.
२) ती टेबलात त्याच कीसमोर लिहिणे.
३) ती परत देणे.

पुढच्या वेळी की हजर असते, म्हणून फंक्शनकडे कुणी फिरकतही नाही. टेबलात ० आणि १ च्या किमती आधी भरून ठेवा आणि ३० वी मागा. आता फंक्शन फक्त २९ वेळा कॉल होतं. कुठे २७ लाख आणि कुठे २९!

आता खाचखळगे बघू.

फंक्शनच्या आत तीच की साध्या पद्धतीने वाचू नका. ती अजून नाहीच, त्यामुळे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. तिथे 'रॉगेट' वापरा.

उत्तर 'निल' असेल तर ते टिपलंच जात नाही, दरवेळी नव्याने हिशोब होतो. 'उत्तर नाही' हे लक्षात ठेवायचं असेल तर 'फॉल्स' लिहा.

टेबल फुगत जातं. वीक टेबल केलं की काम भागलं असं अनेकांना वाटतं. पण वीक टेबलातून टेबल, फंक्शन अशी ऑब्जेक्ट्सच गळतात. आकडे आणि स्ट्रिंग्ज तिथेच राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : उत्तर फक्त कीवर अवलंबून असेल तरच टिपा. फिबोनाचीची ३० वी संख्या उद्याही तीच राहील, पण एखाद्या फाईलमधला मजकूर मध्येच बदलला तर तुमचं टेबल बिनदिक्कत जुनंच उत्तर देत राहील. एरर येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडतही नाही.

सराव : फॅक्टोरियलचं असं टेबल करा, ० समोर १ भरून ठेवा. आधी १० मागा, मग ७. फंक्शन एकूण किती वेळा कॉल झालं? उत्तर १० च्या वर आलं, तर दुसरी पायरी विसरलात असं समजा!