रंगीत कांचांच्या खिडक्या

अंधेरी-बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा बाहेरून पाहिलाच असेल. सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून तो बांधला गेला व १८७८ सालीं पुरा झाला. तेथील ग्रंथालयाच्या रंगीत कांचांच्या खिडक्या हें त्या वास्तूचें भूषण होय.

अशी खिडकी कशी घडते? कारागीर प्रथम खिडकीएवढेंच चित्र कागदावर रेखाटतो. त्याबरहुकूम कांचेचे तुकडे कापतात. कांच वितळवितांनाच तींत रंग मिसळलेला असतो. कोबाल्टानें ती निळी होते, सोन्याच्या अंशानें माणकासारखी लाल. बारीक रेषा मात्र वरून काढून भट्टींत भाजाव्या लागतात. शेवटीं सर्व तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाख देऊन जोडतात.

कालांतरानें शिसें थकतें व खिडकी फुगते. पण कांच बहुधा शाबूत असते. म्हणून नवी खिडकी करवून घेण्यापूर्वीं जुनींतील किती कांच राखतां येईल, हें जाणत्या कारागिरास विचारावें. फुटलेल्या तुकड्यापुरताच नवा तुकडा घालावा. या वास्तूचा जीर्णोद्धार २०१५ सालीं पुरा झाला, त्यांत या खिडक्याही दुरुस्त झाल्या. २०१८ सालीं युनेस्कोनें त्या कार्याचा गौरव केला. नवें करण्यास द्रव्य पुरतें. जुनें राखण्यास विवेकही लागतो.