मेंदूपासून बोटांपर्यंत : मज्जासंस्थेची रचना व कार्य

येवल्याच्या विणकराचे काम आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर किंवा आसावलीचा वेल तो ताण्याचे धागे मोजून, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवून विणतो. या एका कृतीत मज्जासंस्थेचे बहुतेक सर्व भाग गुंतलेले असतात. म्हणून तिची ओळख करून घेण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

डोळ्यांनी धागा पाहिला, की त्याचा संदेश मोठ्या मेंदूच्या मागील भागात पोहोचतो. पुढील भागात निर्णय होतो आणि बोटांना आज्ञा सुटते. ही आज्ञा खाली उतरताना लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठासारख्या खालच्या भागात, बहुतांशी विरुद्ध बाजूला वळते. त्यामुळे उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो. पुढे मज्जारज्जूतून मानेपर्यंत, तेथून मज्जातंतूंमार्गे बोटांपर्यंत असा तिचा प्रवास होतो. मेंदूतून अशा मज्जातंतूंच्या १२ आणि मज्जारज्जूतून ३१ जोड्या निघतात. लहान मेंदू हालचालीचा तोल व मोजमाप सांभाळतो. बोटांना लागलेल्या धाग्याची वार्ता उलट मार्गाने वर जाते. हृदयाचे ठोके व पचन स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत चालविते. तापलेल्या तव्याला हात लागताच तो मागे घेण्याचा हुकूम मात्र मज्जारज्जूच देतो. मेंदूला चटका कळतो तो क्षणभर नंतर.

या संस्थेचे मूळ घटक म्हणजे मज्जापेशी. मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. पेशीच्या लांब तंतूतून संदेश विद्युत्‌रूपाने धावतो. दोन पेशींमधील सूक्ष्म फट तो रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ओलांडतो. तंतूवर स्निग्ध आवरण असेल, तर त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू वापरतो. शिल्लक ठेवण्याची सोय त्याच्यापाशी जवळजवळ नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली अथवा वाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. मोठी वाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नष्ट झालेल्या पेशींची जागा नव्या पेशी भरून काढीत नाहीत.

आपल्याकडे लकवा हा एकच शब्द दोन निराळ्या आजारांना वापरला जातो, हे अडचणीचे आहे. चेहऱ्याचा मज्जातंतू मेंदूबाहेर सुजला, तर त्या बाजूचे कपाळही आक्रसता येत नाही व डोळा नीट मिटत नाही. असे बहुतेक रुग्ण बरे होतात. पक्षाघातात बहुधा तोंड वाकडे होते, पण कपाळावर आठ्या घालता येतात. सोबत हात लुळा पडतो किंवा बोलणे अडखळते. हा भेद करणे डॉक्टरांचे काम होय. शेजाऱ्याचा लकवा आपोआप बरा झाला म्हणून घरच्यांनी वाट पाहू नये.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तत्पूर्वी सी. टी. स्कॅन आवश्यक असतो. कारण वाहिनी फुटली असेल, तर तेच औषध घातक ठरते. येवल्याहून विंचूर, निफाड ओलांडून नाशिक सुमारे ८० किलोमीटर आहे. त्याच्याही पलीकडच्या वस्तीवरून निघणाऱ्याचा वेळ घरातच गेला, तर साडेचार तास पाहता पाहता सरतात. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, सी. टी. स्कॅन व हे इंजेक्शन कोठे मिळेल ते विचारून थेट तेथेच न्यावे, आणि रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. रुग्णास पाणी किंवा चहा पाजू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास तो श्वासनलिकेत जातो. रक्तदाबाची वा रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःहून देऊ नये. कांदा हुंगविणे आणि तेल चोळणे यांत तर निव्वळ वेळ जातो. (कांद्याच्या या मुलखात हा उपाय हाताशी असतो, एवढेच.)

वेळ टळून गेलेल्या रुग्णाचीही आशा सोडण्याचे कारण नाही. मृत पेशी परत येत नसल्या, तरी शेजारच्या जिवंत पेशी नवे जोड निर्माण करून काही काम अंगावर घेतात. ही क्षमता पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते, आणि ती वापरली जाते सरावाने. भौतिकोपचारात वाटी उचलणे, गुंडी लावणे, दोरा ओवणे अशा क्रिया शेकडो वेळा करवून घेतल्या जातात. नातेवाइकांनी प्रेमापोटी रुग्णाला भरवू नये. घास सांडला तरी चालेल, तो दुबळ्या हातानेच उचलू द्यावा. ज्याचा हात मागावर बसला आहे, त्याला जुन्या कामातील एखादी सोपी क्रिया सरावासाठी द्यावी, उदाहरणार्थ कांडी भरणे.