टपाल-सर्व्हरची पत

पत हे व्यापाऱ्याचे खरे भांडवल होय. आज आपली दरपत्रके व बीजके ई-मेलने जातात. तेथेही व्यवहार पतीचाच आहे. सचोटीच्या पेढीची पत्रे एकाएकी परत येऊ लागतात आणि चौकशीअंती कळते की, आपला सर्व्हर काळ्या यादीत गेला आहे. असे का व्हावे?

अशा याद्यांचा आरंभ १९९७ च्या सुमारास अमेरिकेत पॉल व्हिक्सी यांनी केला. १९९८ साली स्थापन झालेली स्पॅमहाउस ही संस्था आज त्यात अग्रगण्य आहे. यादीत बहुधा सर्व्हरचा आयपी पत्ता चढतो. यादी हेतू पाहत नाही, वर्तन पाहते.

कारणे मुख्यतः चार. एखाद्या कारकुनाचा पासवर्ड चोरीस जाऊन एका रात्रीत हजारो पत्रे सुटतात. एकाच पत्त्यावर अनेक पेढ्या असल्यास एका भाडेकरूच्या दोषाने सारी चाळ बदनाम होते. विकत घेतलेल्या नामावलीत सापळ्याचे पत्ते असतात. तेथे पत्र पोहोचताच ते अनुमतीवाचून पाठविल्याचे उघड होते. आणि नव्याने घेतलेल्या आयपी पत्त्यावर पूर्वीच्या धन्याचा डाग राहिलेला असतो.

उपाय क्रमाने करावा. परत आलेले पत्र नीट वाचावे. कोणत्या यादीने अडविले हे पुष्कळदा त्यातच लिहिलेले असते. आधी मूळ दोष काढावा, मगच नाव वगळण्याचा अर्ज करावा. अन्यथा नाव पुन्हा चढते. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या ओळखीच्या नोंदी करून घ्याव्यात. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांस त्या फेब्रुवारी २०२४ पासून आवश्यक झाल्या आहेत.

खतावणी जशी रोज पाहावी, तशीच ही पतही पाहत जावी.