संख्याशास्त्रज्ञाची पात्रता आणि आपले संशोधन

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, बहुदृष्टकर्मता, दाक्ष्य आणि शौच. औषधयोगांच्या चाचण्यांचे आकडे आपण ज्याच्या हाती सोपवितो, त्या संख्याशास्त्रज्ञाची अशी परीक्षा मात्र आपण क्वचितच करतो. ती का आवश्यक आहे, हे इंग्लंडमधील एका खटल्यावरून ध्यानी येते.

१९९९ साली सॅली क्लार्क या मातेस आपल्या दोन अर्भकांच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. दोन्ही मृत्यू नैसर्गिक आकस्मिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, अशी साक्ष एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी दिली होती. एका मृत्यूची शक्यता ८५४३ मध्ये एक धरून तिचा वर्ग केलेला होता. दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच असा गुणाकार ग्राह्य ठरतो. भावंडांत बीजदोष व परिस्थिती समान असू शकते, हे वैद्यांस सांगावयास नको. शिवाय एकाच मातेकडून दोन अर्भकांची हत्या होणे हेही अत्यंत दुर्मीळच. तेव्हा केवळ दुर्मीळतेवरून दोष सिद्ध होत नाही.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये ही चूक जाहीरपणे दाखविली. जानेवारी २००२ मध्ये तिने लॉर्ड चॅन्सेलरांस पत्र लिहून, सांख्यिकीय पुरावा पात्र तज्ज्ञांनीच मांडावा, अशी विनंती केली. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. न्यायालयासमोर न आलेला सूक्ष्मजीव तपासणीचा अहवाल हे त्याचे मुख्य कारण असले, तरी त्या आकड्यावरही अपील न्यायालयाने कडक टीका केली. साक्षीदार आपल्या शास्त्रात निष्णात होते. चूक घडली ती दुसऱ्या शास्त्रात.

पात्र कोण, हे ठरविण्यासाठी ही सोसायटी १९९३ पासून ‘चार्टर्ड स्टॅटिस्टिशियन’ ही मान्यता देते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही २०१० मध्ये अशी मान्यता सुरू केली. पदवी, काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, सिद्ध झालेले कौशल्य आणि आचारसंहितेचे बंधन यांवर ती आधारलेली आहे. चरकोक्त चार गुणांशी हे साम्य लक्षणीय आहे. ही मान्यता ऐच्छिक आहे. ती नसलेला संख्याशास्त्रज्ञ अपात्रच असतो असे नव्हे, आणि असलेला कधीच चुकत नाही असेही नव्हे. परंतु तिच्यामुळे आकड्यांमागे उत्तरदायी व्यक्ती उभी राहते, हे तिचे खरे मोल.

औषधचाचण्यांच्या सांख्यिकीय तत्त्वांविषयीच्या १९९८ च्या आयसीएच ई-९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही चाचणीचा संख्याशास्त्रज्ञ शिक्षित व अनुभवी असावा, अशी अपेक्षा आहे. म्हणून वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी तीन नियम पाळावेत. पहिला: रुग्णसंख्या व मुख्य निकष ठरविण्यापूर्वीच संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा, चाचणी आटोपल्यावर आकडे नेऊन देणे म्हणजे व्याधी असाध्य झाल्यावर वैद्याकडे जाणे होय. दुसरा: त्याची पदवी, वैद्यकीय चाचण्यांतील अनुभव व मान्यता विचारून घ्यावी. तिसरा: अहवालात त्याचे नाव व पात्रता नमूद करावी. ज्या अहवालावर गणित करणाऱ्याचे नावच नाही, त्याच्या आधारे रुग्णास औषध देण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा.