माजघरातील पेटीविषयी

छत्रपती संभाजीनगर,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पावले. कन्येच्या जन्माच्या आनंदात दिंडोरी रिझर्व शिराझ या वाइनची जी पेटी तू आमच्या हवाली केलीस, ती तिच्या विवाहापर्यंत उघडू नये, ही तुझी आज्ञावजा विनंती वाचून तुझ्या काकूंना हसू आले. मला मात्र वेळीच चार शब्द लिहावेत असे वाटले.

मद्य जितके जुने तितके चांगले, हा समज तू वैद्यांच्या घरातूनच उचलला असणार, आणि तो अगदीच निराधार नाही; आसवे जुनी झाली म्हणजे गुणवान ठरतात, असे शार्ङ्गधरानेच सांगून ठेवले आहे. परंतु तुझे आजोबा द्राक्षासवाचे संधान लावीत, तेव्हा धायटीची फुले घालून मुख लिंपलेल्या बरणीचा निवाडा ते केवळ पंचांगावर सोपवीत नसत. महिना भरत आला की ते बरणीला कान लावीत, मुखाशी जळती काडी धरीत. आतला बुडबुड्यांचा नाद थांबला आणि ज्योत न विझता जळत राहिली, म्हणजेच आसव गाळण्याची परवानगी मिळे. वाइनच्या बाबतीतही तारखेपेक्षा इंद्रियांची साक्षच अधिक ग्राह्य मानावी लागते.

तांबड्या वाइनला आयुष्य लाभते ते मुख्यत्वे दोन गोष्टींमुळे: द्राक्षाच्या सालींतून व बियांतून उतरलेला तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, आणि आम्लता. काळ लोटतो तसे हे टॅनिन रंगद्रव्यांशी संयोग पावून जड होते व गाळाच्या रूपाने तळाशी बसते; मग तुरटपणा मवाळ होतो, जांभळा रंग विटकरी छटेकडे झुकतो, आणि ताज्या फळाचा वास मागे पडून सुके फळ, चामडे, तंबाखू असे गंध पुढे येतात. मात्र तुरटपणा निवत असतानाच फळही ओसरत असते. म्हणून तुरटपणा निवला आहे आणि फळ अद्याप शाबूत आहे, असा जो मधला अवधी, तोच प्राशनाचा काळ. बोर्दो किंवा बारोलो येथील श्रेष्ठ वाइनला तो पंधरा-वीस वर्षांनीही येतो. जगातील बहुतेक वाइनला दोन-चार वर्षांतच येऊन जातो.

त्यातून आपल्या दख्खनची प्रकृती निराळी. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने करून ठेवली. आपल्याकडची वेल आजही हिवाळ्यात विश्रांती घेत नाही. म्हणून बागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये एकच पीक घेतो. युरोपातील द्राक्ष शरदाच्या उतरत्या उन्हात पिकते, आपले चढत्या उन्हात. त्यामुळे साखर झपाट्याने वाढते, आम्लता घटते, आणि आम्लतेवाचून वाइनला दीर्घायुष्य नाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. श्यामराव चौगुले यांनी नारायणगावी वाइननिर्मितीस प्रारंभ केल्यापासून आणि विशेषतः शासनाच्या २००१ च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर महाराष्ट्रात जी वाइन होऊ लागली, तिचे सौंदर्य बव्हंशी तारुण्यातले आहे, इतकेच. ओकच्या पिंपात मुरलेल्या तुझ्या शिराझला, किंवा अकलूजच्या 'सेत्ते'ला, काही वर्षे मानवतील. पाव शतक मानवणार नाही.

शिवाय माजघराच्या भिंती कितीही रुंद असल्या तरी वैशाखातल्या या शहरात तिथला पारा तिशीखाली उतरत नाही. वाइनला बारा ते पंधरा अंशांचा स्थिर गारवा आणि अंधार हवा. उष्म्यात ती पक्व होत नाही, नुसती म्हातारी होते. बुचाच्या बाटलीचे बूच वर सरकले किंवा ओघळ आला, तर धोका उघडच दिसतो; फिरकीच्या झाकणामागचा दिसतही नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की दरवर्षी एक बाटली उघडावी. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग न्याहाळावा: ती विटकरी झाली असेल, तुरटपणा हिरड्यांना धरीत नसेल आणि फळाची चव टिकून असेल, तर वेळ आली आहे. सर्वांगावर तपकिरी छटा, शिळ्या अक्रोडाचा वास आणि एकाकी उरलेला आंबटपणा, ही वेळ टळल्याची लक्षणे. मध्येच एखाद्या वर्षी वाइन अबोल झाल्यासारखी वाटेल, न गंध न चव. तेवढ्यावरून निकाल देऊ नये, काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. हे सर्व रोजकीर्दीप्रमाणे तारीखवार लिहून ठेव, आणि यंदाची बाटली गतवर्षीपेक्षा खरोखर उतरलेली आढळली, तर उरलेल्यांचा फडशा त्याच हंगामात पाड.

पिण्याचा परवाना मुदतीत आहे ना, एवढे पाहून ये. आबकारीच्या कागदांत या वयात मला गुंतवू नकोस. दिवाळीनंतर पहिली उघडू. आदल्या दिवशी मी ती उभी करून ठेवीन, म्हणजे गाळ असल्यास तळाशी बसेल. तोवर पेटी पुण्यास नेऊन शीतकपाटात ठेवणार आहेस की कसे, ते उलट टपाली कळव; ज्येष्ठाचे ऊन अजून जायचे आहे.

सूनबाईस व बाळीस आशीर्वाद. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका