घर-जमिनीतील पहिली गुंतवणूक आणि लेखी करार

सूरह अल्-बकराची २८२वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. तिचा विषय देवाणघेवाणीचा लेखी करार हा आहे. ठरावीक मुदतीची देणी लिहून ठेवावीत, लिहिणारा न्यायी असावा, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश अल्लाहने त्यात दिला आहे. आपल्याजवळ प्रथमच काही शिल्लक साठली असेल आणि ती घरात किंवा भूखंडात गुंतवावी असे वाटत असेल, तर प्रथम ही आयत समजून घ्यावी. जागेचा भाव नंतर विचारावा.

उदाहरणादाखल नागपूरचे धरमपेठ घेऊ. वेस्ट हायकोर्ट रोड, गोकुळपेठेचा बाजार, कॉफी हाऊस चौक हा शहरातील मोठ्या मागणीचा भाग. शंकरनगर चौक आणि धरमपेठ कॉलेज ही मेट्रोची स्थानकेही आता जवळ आहेत. अंगण असलेले जुने बंगले जाऊन त्या जागी अपार्टमेंट उभी राहत आहेत. मोमिनपुरा किंवा जाफरनगरातील एखादे कुटुंब सेवानिवृत्तीची रक्कम घेऊन येथे चौकशीला येते, तेव्हा दलाल लिफ्ट व पार्किंग दाखवतो. आपण आखीव पत्रिका मागावी.

आखीव पत्रिका हा नगर भूमापन कार्यालयाचा उतारा आहे. मिळकत कोणाच्या नावे आहे, क्षेत्रफळ किती, धारण करण्याचा प्रकार कोणता आणि बोजा आहे काय, हे त्यावरून कळते. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत नझूलचे आणि सुधार प्रन्यासाचे पट्ट्याने दिलेले भूखंड पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी आपण जमिनीची मालकी विकत घेत नसून पट्ट्याचा उरलेला काळ घेत असतो. नूतनीकरण झाले आहे काय, हस्तांतरणाला परवानगी लागते काय, हे न पाहता पैसे देणे म्हणजे विक्रीची वस्तूच अस्पष्ट ठेवणे होय. अशा अस्पष्टतेला फिक्हमध्ये ‘गरर’ म्हणतात आणि गररयुक्त विक्रीस पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. शहराबाहेरच्या स्वस्त ले-आउटमध्ये हा धोका अधिक असतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अशा असंख्य भूखंडांसाठी शासनाला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. तेथे मौजा व खसरा क्रमांक जुळवून पाहावा, अकृषक आदेश पाहावा आणि नियमितीकरणाचे पत्र, ज्याला नागपुरात ‘आर.एल.’ म्हणतात, ते मूळ स्वरूपात पाहावे.

आता आखीव पत्रिकेवरील नावांकडे वळू. जुना बंगला बहुधा आजोबांच्या नावे असतो आणि विकायला येतात ते दोन-तीन नातू. आत्या कोठे आहेत, बहिणी कोठे आहेत? सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीने आई-वडील व नातेवाइकांच्या मालमत्तेत स्त्रियांचा हिस्सा, तो थोडा असो वा अधिक, निश्चित केला आहे. विकणारा हिंदू असेल, तर त्याच्या कायद्यातही मुलीला हक्क आहे. पुष्कळदा हक्कसोडपत्र जोडलेले असते आणि वकील त्यावर समाधान मानतो. आमच्या मते मुस्लिम खरेदीदाराने एक पाऊल पुढे जावे आणि त्या बहिणीला स्वतः भेटून विचारावे की, हा हक्क तिने राजीखुशीने सोडला की माहेर तुटेल या भीतीने. आपल्याच समाजात ‘बहिणींनी माफ केले’ हे वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यावयाचा असेल, तर हनफी फिक्हमध्ये ‘इस्तिस्ना’, म्हणजे वस्तू बनवून घेण्याचा करार, मान्य आहे. मात्र वर्णन, क्षेत्रफळ व किंमत स्पष्ट हवी. रेरा कायदा हेच मागतो. चटई क्षेत्रावर किंमत ठरते आणि नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. जुन्या बंगल्याच्या जागेवरील लहान योजना यात बसू शकतात, म्हणून तेथे करारनामा अधिक बारकाईने वाचावा.

आज बुकिंग करून ताबा मिळण्यापूर्वीच नफ्याने विकण्याचा सल्ला नवख्याला हमखास दिला जातो. उभ्या जमिनीबाबत इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ताब्याची अट शिथिल ठेवली आहे, हे खरे. परंतु जो फ्लॅट अद्याप बांधलाच गेला नाही, तो पुढे विकणे म्हणजे आपल्याजवळ नसलेली वस्तू विकणे होय.

पैशाचा प्रश्न सर्वांत कठीण. अल्लाहने व्यापार हलाल व व्याज हराम ठरविले आहे आणि गुंतवणुकीसाठी व्याजाचे कर्ज घेण्यात निकडीची सबबही उरत नाही. ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत तर आपल्या मोहल्ल्यांत निर्दोष समजली जाते. पाच लाख रुपये द्यावेत, घर भाड्याविना किंवा नाममात्र भाड्याने वापरावे आणि शेवटी पाचही लाख परत घ्यावेत. ही रक्कम वस्तुतः कर्ज आहे आणि कर्जावर मिळणारा ठरलेला लाभ व्याजात मोडतो, असे बहुसंख्य उलमांचे मत आहे. त्यापेक्षा दोन भावांनी किंवा मेहुण्यांनी मिळून एक लहान फ्लॅट घ्यावा, प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतातच लिहावा आणि भाडे त्या प्रमाणात वाटून घ्यावे. विकासकाशी हप्त्याने व्यवहार केल्यास एकूण किंमत प्रारंभीच ठरवावी. रेराच्या करारात विलंबावरील व्याजाचे कलम असतेच, म्हणून हप्ता चुकणार नाही एवढीच खरेदी करावी.

काही विक्रेते अर्धी रक्कम रोखीने मागतात आणि खरेदीखतात किंमत कमी दाखवतात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून बंदी आहे. शिवाय खोट्या किमतीवर सही करणारे साक्षीदार कोणत्या साक्षीत उभे राहतात, याचा विचार करावा. मुद्रांक शुल्कात बचत हवीच असेल, तर सरळ मार्ग आहे. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. मात्र पत्नीच्या नावे केवळ सवलतीपुरते घेतले की तिला खरोखर दिले, हेही घरात स्पष्ट असावे. उद्या वारसाहक्काचा प्रश्न उभा राहील, तेव्हा याच मुद्द्यावर वाद होतात.

जकातीचा हिशेब खरेदीच्या वेळच्या नियतीवर ठरतो. स्वतः राहण्याच्या घरावर जकात नाही. भाड्याच्या घराच्या किमतीवर नाही, पण साठलेल्या भाड्यावर आहे. विकून नफा मिळवण्याच्या उद्देशाने घेतलेला भूखंड व्यापाराचा माल ठरतो आणि त्याच्या चालू बाजारभावावर दरवर्षी अडीच टक्के जकात द्यावी लागते. भाव ३० लाख असेल, तर वर्षाला ७५,००० रुपये. भूखंडातून तोपर्यंत एक रुपयाही हाती आलेला नसतो, म्हणून ही रक्कम कोठून द्यावयाची याचा विचार इसार देण्यापूर्वीच करावा आणि आपली नियत हिशेबाच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवावी.